दर्याकाकूंचा पराभव

पोस्टमास्तर ठरल्या वेळेच्याही आधी दारात हजर झाले, पण त्यांच्या उजव्या अंगठ्याला भलंमोठं बँडेज होतं.

"हे काय करून घेतलंत?" जावयाने घाबरून विचारलं.

"सराव!" पोस्टमास्तरांची छाती फुगली. "आठवडाभर नातवाचा मोबाइल हातातून सोडला नाही. तुमच्या पाहुण्यांसमोर शोभा नको म्हणून. गाड्या पळवल्या, फुगे फोडले, एका गेममध्ये तर चक्क राजा झालो. अंगठा सुजला, पण आता समोर काहीही आणा, उडवून देतो."

जावई दाराच्या चौकटीला टेकला. पोस्टमास्तर त्याचे सासरे नव्हेत, ते शेजारच्याच घरात राहत. निवृत्त, सज्जन, शब्दाचे पक्के. पण त्याने त्यांना निवडलं होतं ते यातल्या कुठल्याच गुणासाठी नाही. त्यांनी जन्मात कधी गेम खेळला नव्हता, एवढ्या एकाच गुणासाठी निवडलं होतं, आणि आठवडाभरात त्यांनी मोठ्या निष्ठेने नेमक्या त्याच गुणाची वाट लावली होती.

"पाहुण्यांना हे सांगायचं नाही हं," तो कुजबुजला.

"म्हणजे मी खोटं बोलू?" पोस्टमास्तर दुखावले. "अहो, जन्मभर लोकांची पत्रं हाताळली, एक पाकीट कधी उजेडात धरून पाहिलं नाही. त्यांनी विचारलं तर मी खरं तेच सांगणार." मग खरं सांगायची इथे सोय नाही असं लक्षात आल्यावर ते दुखरा अंगठा सांभाळत घरी निघून गेले.

आता हा सगळा काय प्रकार आहे ते सांगायला हवं. जावई गेम बनवायचा. आधी एका ऑफिसात कॉम्प्युटरवर दुसऱ्यांची कामं उरकायचा. गेल्या वर्षी तिथल्या साहेबाला नमस्कार ठोकून तो बाहेर पडला आणि घराच्या बंद केलेल्या बाल्कनीत टेबल टाकून स्वतःचा गेम करायला बसला. गेम असा, की आपण पाणबुड्या व्हायचं, समुद्राच्या तळाशी हिंडायचं, वस्तू गोळा करायच्या, भेटतील त्यांच्याशी बोलायचं आणि आडवे येतील त्यांच्याशी लढायचं. गेम विकणाऱ्या एका कंपनीला तो आवडलाही. पण त्यांना एक शंका होती. तिसऱ्या टप्प्यावरच्या शत्रूला हरवायचं कसं, हे नवख्या माणसाला कळेल का? म्हणून त्यांनी कळवलं, आम्ही दोघं घरी येतो, आमच्यासमोर असा माणूस बसवा ज्याने कधी गेमला हात लावलेला नाही. तो त्या शत्रूच्या पुढे गेला तर गेम आम्ही घेतला. नाही गेला तर विषय संपला. आणि विषय संपला की मुकाट्याने जुन्या साहेबाकडे परत जायचं, असा जावयाचा बायकोशी करार होता. साहेबाने तर निरोप देतानाच सांगितलं होतं, "तुमची खुर्ची तशीच ठेवतो. याल तुम्ही." ते "याल तुम्ही" जावयाच्या कानात अजून घोळत होतं.

त्याने बायकोला फोन लावला. ती रक्त तपासायच्या लॅबमध्ये कामाला होती. दिवसभर लोकांना सुया टोचून तिचा स्वभाव फार शांत झाला होता.

"पोस्टमास्तर बाद झाले," जावई म्हणाला. "पाहुणे एवढ्यात येतील. जन्मात गेम न खेळलेला माणूस आता मी कुठून पैदा करू?"

"घरात आहे की."

"कोण?"

"आई."

"तुझी आई? अगं, तिसऱ्या टप्प्यावर कोण आहे ते विसरलीस का?"

"मी कशी विसरेन? केलंस तेव्हा पोट धरून हसले होते मी. आता निस्तर. माझ्यासमोर एक आजोबा हात पुढे करून डोळे मिटून बसलेत." असं म्हणून तिने फोन ठेवला.

तिसऱ्या टप्प्यावर सासूबाई होत्या.

म्हणजे दिसायला तो ऑक्टोपस होता. नाव दर्याकाकू. बुडालेल्या जहाजाच्या दारात ही बया उभी असायची. दोन हातांनी दार गच्च धरलेलं, सहा हात कामाला मोकळे, नाकाच्या शेंड्यावर चष्मा आणि ऑक्टोपसला जिथे कंबर असावी असं आपल्याला वाटतं तिथे खोचलेला फडका. ती चावायची नाही, शाई फेकायची नाही. ती मदत करायची. पाणबुड्याने तलवार उपसली की "राहू द्या, मी करते" म्हणत ती काढून घ्यायची आणि शेवाळ चिरायला बसायची. ढाल घेऊन पातेल्यावर झाकण घालायची. जादूचा दिवा "उगाच जळतोय" म्हणून मालवायची. खजिन्याच्या नकाशाची चौघडी घालून डुगडुगत्या टेबलाच्या पायाखाली सारायची. शेवटी रिकाम्या हातांच्या पाणबुड्याचं तोंड फडक्याने खसाखसा पुसून त्याला जहाजाबाहेर ढकलायची, "जा, बाहेर खेळ." की पुन्हा पहिल्यापासून सुरुवात.

हे सगळं जावयाला आकाशातून सुचलं नव्हतं. सासरे गेल्यावर सासूबाई चार दिवसांसाठी म्हणून लेकीकडे आल्या आणि ते चार दिवस अजून सरले नव्हते. बाई लाखात एक. पण कुणाच्या हातात काम दिसलं की त्यांना राहवायचं नाही. जावई चहा पीत असला, की तळाशी शेवटचा घोट असतानाच कप उचलला जायचा आणि धुऊन पालथा पडायचा. कागदावर काही चितारून ठेवलं की त्या कागदाची सुबक घडी होऊन ती कपाटात कायमची विश्रांती घ्यायची. एकदा तर कॉम्प्युटरच्या प्लगचा लाल दिवा उगाच जळतोय म्हणून त्यांनी बटण बंद केलं आणि जावयाची दोन दिवसांची मेहनत एका क्षणात गडप झाली. सासूबाईंना बोलणार काय? त्या दिवशी दात-ओठ खात त्याने एक ऑक्टोपस काढला. गंमत अशी, की सहाव्या हातापर्यंत येता येता त्याचा राग निवला आणि आठव्या हाताला त्याला ती बया चक्क आवडायला लागली होती. पण हे सासूबाईंना कोण सांगणार?

त्या वेळी सासूबाई बाल्कनीतच होत्या आणि त्याचा कीबोर्ड उलटा धरून ठोकत होत्या.

"काय काय पडतंय बघा यातून," त्या म्हणाल्या. "एक अख्खं बिस्किट निघालं."

"आई, एक काम होतं तुमच्याकडे."

हे वाक्य त्या घरात कोणी कधी उच्चारलं नव्हतं. सासूबाईंनी कीबोर्ड खाली ठेवला. "बोला की जावईबापू!"

"पाहुणे येताहेत. त्यांच्यासमोर हा गेम खेळून दाखवायचाय."

"मला कुठे काय येतंय त्यातलं?"

"येत नाही म्हणूनच तुम्हाला बसवायचंय."

"अगं बाई! येत नाही म्हणून काम मिळालेलं मी पहिल्यांदाच बघतेय. आणि करायचं काय?"

"एक... एक बाई आहे. तिला हरवायचं."

"का? काय वाकडं केलंय तिने आपलं?"

तेवढ्यात बेल वाजली.

कंपनीचे दोघे आले. एक साहेब होते, गोल चेहऱ्याचे, बोलघेवडे. बरोबरच्या मॅडम मात्र हातात पेन घेऊन आल्या आणि बसल्या त्या परीक्षेच्या हॉलवर देखरेख करायला बसल्यासारख्या. साहेबांनी सासूबाईंना हसून विचारलं, "आजी, आधी कधी खेळलात का हो असलं काही?"

"लहानपणी लगोरी," सासूबाई म्हणाल्या. "त्यानंतर वेळ कुणाला होता?"

मॅडमनी मान डोलावली. इथवर तर सगळं सुरळीत झालं. "आता तुम्ही मध्ये बोलायचं नाही," त्यांनी जावयाला बजावलं. "एक अक्षर नाही. त्यांचं त्यांना कळलं पाहिजे."

तिसरा टप्पा उघडला आणि पडद्यावर पाणबुड्या आला. त्याच्या कमरेला तलवार, पाठीवर ढाल, हातात दिवा आणि पोतडीत सटरफटर सामान. खाली चार बटणं होती: मारा, पळा, बोला, द्या. यातलं "द्या" खरं म्हणजे पहिल्या टप्प्यावर एका म्हाताऱ्या कासवाला पाला भरवण्यापुरतं होतं. ते पुढे काढून टाकायचं जावयाच्या मनात होतं, पण राहून गेलं होतं.

जहाज दिसलं. दार दिसलं. आणि दारात दर्याकाकू डुलत डुलत पुढे आल्या. जावयाने खुर्चीचा हात घट्ट धरला.

"हीच का ती?" सासूबाईंनी चष्मा नाकावर खाली ओढून पाहिलं. पडद्यावर दर्याकाकूंनीही नेमका तसाच चष्मा खाली ओढून पाहिलं. साहेबांनी एकदा इकडे पाहिलं, एकदा तिकडे पाहिलं. जावयाने छताकडे पाहिलं.

"मारा दाबायचं का हो?" सासूबाईंनी विचारलं. कुणी बोलेना. "पण तिने अजून काही केलेलंच नाही. दारात उभ्या असलेल्या बाईला उगाच कसं मारायचं?" तरी पाहुण्यांचा मान म्हणून त्यांनी मारा दाबलं. पाणबुड्याने तलवार उपसली. दर्याकाकूंनी ती अलगद काढून घेतली.

"राहू द्या, मी करते," पडद्यावर अक्षरं उमटली.

पाणबुड्याने दिवा उचलला. तो मालवला गेला. नकाशा काढला. त्याची घडी टेबलाखाली गेली. मग फडक्याने तोंड पुसून पाणबुड्याला बाहेर काढण्यात आलं. सासूबाईंनी मान वळवून जावयाकडे पाहिलं, आणि बराच वेळ पाहिलं. जावयाला वाटलं, आता धरणी दुभंगली तर किती बरं होईल. गेम गेला, नोकरी परत डोक्यावर बसली आणि वर सासूबाई आजच बॅग भरणार. बायको घरी आल्यावर तिला काय तोंड दाखवायचं?

"अगं बाई," सासूबाई एकदम टाळी वाजवून म्हणाल्या, "ह्या तर आमच्या विहीणबाई!"

"कोण?" साहेबांनी विचारलं.

"ह्यांच्या आई हो! हुबेहूब! काही म्हणजे काही करू देत नाहीत कुणाला."

जावयाचा जीव भांड्यात पडला, पण भांडं जरा विचित्र होतं. त्याची आई? ती दूर गावी मोठ्या मुलाकडे राहायची आणि बसल्या जागेवरून अख्खं घर चालवायची. पंखा लावायलाही ती कुणाला तरी हाक मारायची. या आठ हातांमध्ये सासूबाईंना ती कुठे दिसली? पण दिसली तर दिसली. "हो, हो," तो घाईने म्हणाला, "आईच ती. आमची आईच."

"तुम्ही बोलायचं नाही असं ठरलंय," मॅडम म्हणाल्या.

सासूबाई पुन्हा गेल्या आणि पुन्हा तोंड पुसून बाहेर आल्या. मॅडमनी कागदावर काहीतरी लिहिलं. तिसऱ्या खेपेलाही तेच झालं. साहेबांनी घड्याळ पाहिलं, मॅडमनी पेनाला टोपण लावलं. टोपणाचा तो टक् आवाज जावयाने ऐकला. डोळ्यांपुढे ती जुनी खुर्ची उभी राहिली आणि तिच्यामागे तो जुना साहेबही उभा राहिला, दात काढून.

"थांबा जरा, उठू नका," सासूबाई म्हणाल्या. त्यांनी खुर्ची टेबलाजवळ ओढली. "कळलं मला. हिला मारून काही उपयोग नाही. पळून तर मुळीच नाही, ही मागे येईल."

त्यांनी "द्या" दाबलं.

जावई अर्धवट उठला. त्याने ठेवलेली युक्ती वेगळीच होती. इथे "द्या" दाबलं तर काय होईल हे त्याला स्वतःलाही माहीत नव्हतं. बहुतेक गेम अडकेल, पडदा काळा पडेल आणि पाहुण्यांसमोर इज्जतीचा पंचनामा होईल. पण पडदा काळा पडला नाही. पाणबुड्याने आपणहून तलवार पुढे केली. दर्याकाकूंनी ती खुशीत घेतली आणि शेवाळ चिरायला लागल्या.

"घ्या बाई," सासूबाई पडद्याशी बोलू लागल्या. "ही ढाल पण घ्या. झाका पातेलं. हा दिवा. मालवा. नकाशा घ्या, घाला घडी. दोरी गुंतलीये, तेवढी सोडवून द्या हो. आणि ही पोतडी आवरायची आहे, दोन्ही हातांनी धरा."

दर्याकाकूंना कोण आनंद झाला! एका हाताने चिरणं, एकाने झाकणं, एकाने दिव्याची काच पुसणं, एकाने घडी घालणं. दोरीला पाचवा हात गेला, पोतडीचा एक कान सहाव्याने धरला. दुसरा कान धरायला हात उरला नाही, तशी त्यांनी एक क्षण विचार केल्यासारखं केलं आणि दारावरचा हात सोडला.

साहेब खुर्चीत पुढे सरकले.

"आणि हो," सासूबाई गोड आवाजात म्हणाल्या, "ही पाण्याची बाटली जरा विसळून द्याल का?"

आठवा हातही सुटला. दार पाण्याच्या झोताने आपोआप उघडलं. दर्याकाकू आठही हातांनी कामाला जुंपलेल्या होत्या आणि चष्मा पार नाकाच्या टोकावर आला होता. पाणबुड्या त्यांच्या शेजारून हळूच आत शिरला. त्यांनी मान वर करूनही पाहिलं नाही.

"झालं," सासूबाई म्हणाल्या. "आता तिला तिचं काम करू द्या, आपण आपलं जाऊ."

पहिल्यांदा मॅडम हसल्या. आधी नुसत्या गालात, मग पेन खाली पडेपर्यंत. "कमाल आहे," त्या डोळे पुसत म्हणाल्या. "मारामारी नाही, काही नाही. शत्रूला त्याच्याच स्वभावात अडकवायचं. हे तुम्हाला सुचलं कसं हो?"

हे विचारलं होतं जावयाला. "घरातूनच सुचलं," तो म्हणाला, आणि यात खोटं काही नव्हतं. साहेबांनी उठून त्याचा हात हातात घेतला आणि चांगला गदागदा हलवला. गेम घेतला, पुढच्या आठवड्यात ऑफिसला या, असं सांगून दोघे गेले. जिन्यावरूनही मॅडमचं हसणं ऐकू येत होतं.

दार लावून जावई आत आला. आता त्याच्यापुढे एकच काळजी उरली होती. "आई," तो हात जोडून म्हणाला, "तुमचे उपकार फेडू शकत नाही मी. फक्त एवढं करा, ही गोष्ट माझ्या आईच्या कानावर घालू नका."

"त्यांचा काय संबंध?" सासूबाई पाहुण्यांचे कप गोळा करत होत्या. "विहीणबाईंनी जन्मात कधी स्वतःच्या पाण्याचा पेला तरी उचललाय का?"

"पण मघाशी तुम्हीच तर..."

"मग परक्या माणसांसमोर काय सांगायचं होतं? ही मी आहे म्हणून?"

जावई समोरच्या खुर्चीत बसला. "कधी कळलं तुम्हाला?"

"दिवा मालवला ना तिने, तेव्हाच. आणि हिला थांबवायचं कसं, हे माझ्याशिवाय दुसऱ्या कुणाला कळणार होतं हो? तुम्ही सगळे कामं लपवता माझ्यापासून. लपवली की मी शोधत फिरते. सरळ हातात द्या ना. दिलीत की मी गुंतते आणि तुम्ही मोकळे होता." त्यांनी हातातले कप खाली ठेवले. "हे गेल्यापासून रिकामे हात मला सोसत नाहीत, जावईबापू. नुसती बसले की सगळं आठवतं. म्हणून उचलते झालं, जे दिसेल ते."

जावयाला गलबलून आलं. इतके महिने एका घरात राहून त्याने त्यांच्या हातांवर डोळे वटारले होते, त्यांच्याकडे एकदाही नीट पाहिलं नव्हतं. "आई, चुकलं माझं," तो म्हणाला. "खूप रागावलात का?"

"रागावले तर! आठ हात दिलेत त्या बाईला, चष्मा दिलात, फडका दिलात, पण टेकायला साधं स्टूल नाही दिलंत कुठे. किती वेळ उभी राहणार ती?"

ही चूक मात्र लगेच सुधारता येण्यासारखी होती. जावई तसाच बाल्कनीत गेला. बायको लॅबमधून परतली तेव्हा तो घाम पुसत शेवटचे फेरफार करत होता आणि सासूबाई शेजारी बसून स्टुलाचे पाय सारखे आहेत की नाहीत ते पाहत होत्या. बायकोने एकदा आईकडे आणि एकदा नवऱ्याकडे पाहिलं. भांडण झालेलं दिसत नव्हतं, त्यामुळे ती पर्स न ठेवताच मागे उभी राहिली.

"आता बघा हं आई," जावई म्हणाला आणि त्याने गेम चालू केला.

जहाज आलं. दार आलं. दारात शिंपल्यांनी मढवलेलं एक सुरेख स्टूल होतं. दर्याकाकू डुलत डुलत आल्या, स्टुलाजवळ थांबल्या आणि चष्मा खाली ओढून त्यांनी त्याच्याकडे पाहिलं. मग त्यांनी ते उचललं, उलटं केलं, कमरेचा फडका काढला आणि चारही पाय एकेक करून पुसायला घेतले.

जावयाने कपाळावर हात मारला. "बसायला हवी होती ती! थांबा, आत्ता दुरुस्त करतो."

पण सासूबाईंनी त्याचं मनगट धरलं होतं आणि त्या हसत होत्या. इतक्या महिन्यांत त्या घरात त्यांना असं हसताना कुणी पाहिलं नव्हतं. हसता हसता डोळ्यांना पाणी आलं, ते त्यांनी हाताच्या पाठीने पुसलं.

"हात लावायचा नाही तिला," त्या म्हणाल्या. "आत्ता कुठे ती माझ्यासारखी झालीये."